परग्रहावरचं लग्न आपल्याच गावचं वाटतं, तर काय करायचं?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही विषय कळेल. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, वेळी गावच्या मंडळाचं नाटक आहे आणि तुम्ही ते थेट परग्रहावर नेलंय. तिथले रहिवासी 'झिरू'. निळी कातडी, दोन हृदयं, तीन लिंगं, पिल्लं पाण्यात वाढतात. दुसऱ्या अंकात झिरूंचं लग्न आहे, आणि ते तुम्ही मन लावून लिहिलंय. पण वाचनाला बसलेली पोरं म्हणाली, "हे तं आपल्याच गावचं लगन हाय, निळा रंग लावलेलं." तेव्हापासून तुम्ही रीती बदलून राहिले. अंतरपाट आडवा धरायचा तो उभा केला, अक्षतांच्या जागी राख आणली, फेरे अकरा केले. तरी जमेना. शिवाय झिरूंना वेगळी भाषा द्यावी का, असंही विचारलंय.

मी झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, वडशाच्या नाटक कंपन्यांसाठी बरीच वर्षं नाटकं लिहितो. जास्त करून कौटुंबिक, पण नागलोक, पाताळ, परग्रह असलं लिहायची वेळही आलेली आहे. तेवढ्या बळावर सांगतो: फेरे अकरा करा की एकवीस, लोकांना ते आपलंच लग्न दिसणार. लग्न हा दोन घरांमधला व्यवहार असतो. मुलगी एका घरातून दुसऱ्या घरात जाते म्हणून पाठवणी, म्हणून रडणं, म्हणून मामा पाठीशी उभा, म्हणून वरपक्षाचे रुसवे. झिरूंमध्ये कोण कुणाच्या घरी जातं? मुळात त्यांचं घर कशाला म्हणायचं? हे तुमच्या संहितेत कुठंच ठरलेलं नाही. जे ठरवलं नाही ते आपोआप आपल्याकडून उसनं येतं. तुमचं तेच झालंय.

आता हे सगळं कितपत करायचं हे नाटकावर अवलंबून आहे. झिरू आणून तुम्हाला आपल्याच हुंड्याची, आपल्याच मानपानाची टर उडवायची असेल, तर ते आपल्यासारखेच दिसू द्या. पोरांची तक्रार हीच मग दाद समजा. परग्रहाचा प्रवेश दहा मिनिटांचा असेल, तर एक विचित्र गोष्ट दाखवा आणि पुढं व्हा. पण तुम्ही लिहिलंय की तिन्ही अंक तिथंच घडतात. म्हणजे तणसावर (भाताच्या पेंढ्यावर) घोंगडी पांघरून बसलेला प्रेक्षक रात्रभर त्या लोकांत राहणार. त्याला पहाटेपर्यंत त्यांच्या घरातला पाहुणा करायचं असेल, तर रीती बुडापासून उभ्या कराव्या लागतील. पुढचं सगळं त्यासाठी आहे.

रीत कुठून येते, हे आधी बघू. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपल्याकडं बैलाचे खांदे शेकतात. जूवाखाली सोललेल्या, घट्टे पडलेल्या जागेवर लोणी-हळद चोळतात आणि बैलाच्या कानाशी म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." बाहेरचा माणूस हे पाहून लिहील, 'येथील लोक बैलाची पूजा करतात.' खोटं नाही, पण त्यात तो खांदा नाही. वर्षभर ज्यानं ओढलं त्याचं देणं फिटत नाही, ते फिटत नसल्याची कबुली म्हणून एक दिवस. बोजारा, म्हणजे पोळ्याची बक्षिसी, मागायला येणाऱ्या गड्याचंही तेच. मी रीत बांधताना नेहमी हा खांदा शोधतो: कुणाचं कुणावर न फिटणारं देणं आहे? ते सापडलं की विधी सुचवावा लागत नाही, तो पुढ्यात येऊन उभा राहतो.

देणं सापडायचं कुठं? शरीरात आणि पोटापाण्यात. त्यासाठी पुस्तकं चाळायच्या आधी तुमच्याच भागातलं तळं बघा. कमळपक्ष्याची मादी नरापेक्षा मोठी, ती एकामागून एक अनेक नरांशी जोडी करते, अंडी देऊन निघून जाते. अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं नराकडं. त्याच भागात सारस आहे, त्याची जोडी वर्षानुवर्षं टिकते आणि नर-मादी दोघं मिळून घरट्याची राखण करतात. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, तोंड लिंपून एक फट तेवढी ठेवते आणि नर त्या फटीतून भरवत राहतो; तो मेला तर आतल्यांची उपासमार. मधमाश्यांमधल्या नराला तर बापच नसतो, कारण तो न फळलेल्या अंड्यातून निघतो. आजा मात्र असतो, आईकडचा. या चौघांना बोलता आलं असतं तर लग्न, रुसवा, वारसा, सुतक यांच्या कल्पना चौघांच्या चार झाल्या असत्या. धनेशांच्या गावात सर्वांत मोठी शिवी बहुधा 'फटीशी न आलेला' अशी असती.

या मापानं तुमचे झिरू पाहिले तर दोन हृदयांचा नाटकाला काही उपयोग दिसत नाही. तिसरं लिंगही सध्या मंडपात उभं राहतं, आशीर्वाद देतं आणि जातं. त्याला काढलं तर एकही प्रसंग अडत नाही. जे काढल्यानं काही अडत नाही ते परकं असून परकं वाटत नाही. पण एक वाक्य तुम्ही सहज लिहून सोडून दिलंय, 'पिल्लं पाण्यात वाढतात.' भाऊ, तुमचं अख्खं नाटक त्या वाक्यात पडलंय.

पिल्लं पाण्यात वाढत असतील तर काठावर आल्यावर कोणतं पिल्लू कुणाचं हे कुणाला कळणार? म्हणजे झिरूंमध्ये आईबाप नावाचं नातं जमिनीवर नाहीच. मग नातं सुरू कुठं होतं? मी असं केलं असतं. सहा पावसाळे पाण्यात काढून पिल्लं एका ठराविक रात्री बाहेर येतात. कल्ले मिटू लागलेत, फुप्फुसं अजून उघडलेली नाहीत, मान उचलायचं बळ नाही. तोंड चिखलात गेलं की संपलं. म्हणून कुणीतरी रात्रभर त्याची हनुवटी वर धरून बसायचं, उजाडेपर्यंत. एकाला धरायला दोन्ही हात लागतात, एक हनुवटीखाली, एक पाठीशी, त्यामुळं एका रात्री एका माणसानं एकच. काठावर हात कमी आणि पिल्लं जास्त, असं दरवर्षी होतं.

आता जवळून बघा. बाहेर आलेल्या पिल्लाची कातडी ओल्या कणकेसारखी मऊ असते आणि सकाळच्या उन्हात ती वाळून घट्ट होते. रात्रभर जी बोटं हनुवटीखाली होती, त्यांचे ठसे तिथंच राहतात, जन्मभर. अंगठ्याचा एक, बोटांचे चार. प्रत्येक झिरूच्या गळ्यावर, त्याला धरणाऱ्याचा हात कायमचा.

एवढं ठरलं की बाकीच्या रीती हिशेबासारख्या निघतात. दोन झिरू भेटले तर नमस्कार कसा करतील? हनुवटी किंचित वर करून ठसे दाखवतील. आपण कुणाचे हे सांगणं झालं. गळ्याशी फडकं गुंडाळून आलेला माणूस काहीतरी लपवतो, त्याला घरात बसायला सांगत नाहीत. शपथ घ्यायची तर आपली बोटं आपल्याच ठशांवर ठेवून. धरणारा मेला की धरलेला ठशांवर चिखल लिंपतो आणि तो आपोआप गळून पडेपर्यंत कुणाला नमस्कार करत नाही. ठशांना हात लावायचा हक्क एका जोडीदारालाच. भांडणात सर्वांत वाईट वाक्य: "तुले कोनं धरलं बे?" जमीनजुमला रक्ताच्या वारसाला जाणार नाही, कारण तो कोण हेच माहीत नाही, जाईल धरलेल्याला. आणि ज्यानं आयुष्यात कुणालाच धरलं नाही, त्याचं काय?

त्याचं उत्तर म्हणजे त्यांचं मरण. झिरू म्हातारा झाला की कातडी तडकायला लागते, त्याला पाण्यात परत जावं लागतं आणि ते एकट्याच्यानं होत नाही. ज्याला त्यानं धरलं होतं, त्यानंच हनुवटीखाली हात घालून त्याला खोल पाण्यापर्यंत न्यायचं आणि तिथं हात सोडायचा. ज्याला न्यायला कुणी नाही तो कोरड्यात मरतो. हे त्यांचं न फिटणारं देणं आहे. तुमच्या पहिल्या अंकात आजोबाच्या मरणाचा जो प्रवेश आहे, त्यात सध्या चार जण तिरडी उचलतात. ती तिरडी काढा.

तिसऱ्या लिंगालाही आता काम मिळतं. ते पूर्ण काठावर येतच नाही, उथळ पाण्यात राहतं, पिल्लं राखतं. त्याला आपण पाणकर म्हणू. कोणतं पिल्लू कुणाच्या अंड्यातून निघालं हे फक्त पाणकराला माहीत. जमिनीवरच्यांना ते विचारणं असभ्य, पण एका वेळी विचारावंच लागतं: जोडी जमवताना. एकाच लपक्यातल्या, म्हणजे अंड्यांच्या एकाच पुंजक्यातून निघालेल्या, दोघांनी जोडी करायची नाही. म्हणून संध्याकाळी दोघं काठाशी जातात, तळहातानं पाण्यावर थाप मारतात, पाणकर वर येतो. दोघांचे हात धरले तर होकार. पाणी त्यांच्याकडं लोटलं तर नकार, कारण सांगायचं नाही. झालं लग्न. तीन मिनिटं. तुमचा चाळीस मिनिटांचा मंडप वाचला, आणि पाणकर लाच घेऊन गप्प बसू शकतो ही शंका तिथून पुढं हवेत राहिली ती वेगळीच.

कुणाशी लग्न करायचं नाही, हा नियम लग्नाच्या विधीपेक्षा फार कामाचा असतो. आपल्याच देशात पाहा. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांनी १९५३ साली भारतातल्या नात्यागोत्यांचे चार प्रदेश पाडले, त्यात महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात येतो: उत्तरेत मामाची मुलगी बहीण, दक्षिणेत ती हक्काची नवरी, आणि आपल्याकडं बऱ्याच समाजांत मामाची चालते पण आत्याची नाही. तुमच्या तालुक्यातल्या गोंड कुटुंबांना विचारा, चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे ही कुळाच्या देवांची मोजणी सोयरीक ठरवते. देवसंख्या जुळली तर ते भाऊबंद, तिथं सोयरीक नाही. एका आकड्यावर माणूस अनोळखी गावात जाऊन कुणाला भाऊ म्हणायचं आणि कुणाची थट्टा करायची हे ओळखतो. काही ठिकाणी एका घरानं मुलगी दिली की पुढच्या पिढीत तिची मुलगी त्या घरी सून म्हणून परत यावी अशी अपेक्षा असते, दूध परत केलं म्हणतात. दोन पिढ्या चाललेलं हे देणं-घेणं. एवढ्या ताकदीचा एक नियम झिरूंना मिळाला की पुरे.

आणि इथंच एक गोष्ट कडक शब्दांत सांगतो. गोंड, माडिया, कोलाम, कोरकू यांच्या रीती उचलून परग्रहवाल्यांच्या अंगावर चढवू नका. मोह होतो, कारण शहरी वाचकाला ते लगेच 'वेगळं' वाटतं. पण तुमच्या समोरच्या तणसावर तीच माणसं बसलेली असतात. त्यांच्या आजीचा विधी निळ्या रंगात पाहून हसू येणार नाही कुणाला, आणि येऊही नये. या रीतींकडून तर्क शिका, की नियम कसा चालतो, कुणाला बांधतो, कुठं ढील देतो. सामान त्यांचं त्यांच्याकडं राहू द्या. हिवाळ्यात भामरागडकडं फिरून घोटुलाचे, म्हणजे माडिया तरुण मुलामुलींच्या एकत्र जमायच्या जागेचे, फोटो काढून 'एलियन संस्कृती' लिहिणारे मी पाहिलेत. ते लिखाण मला चोरीचं वाटतं, बाकी काही नाही.

काठावरची ती रात्र कशी बांधायची, तर याबाबतीत एका फ्रेंच अभ्यासकाचं म्हणणं मला आजवर उपयोगी पडलंय. आर्नोल्ड व्हान गेनेप यांनी १९०९ साली मांडलं की माणसाची अवस्था बदलणारे विधी तीन पायऱ्यांचे असतात: जुन्यातून तोडणं, मधलं अधांतर, नव्यात जोडणं. आपल्याकडं मधली पायरी हळदीची. हळद लागली की नवरदेवाला वेस ओलांडू देत नाहीत, हातात लिंबू टोचलेली कट्यार देतात. तो धड मुलगाही नाही आणि नवराही नाही, म्हणून जपायचा. लिहिणारे बहुतेक जण तिसऱ्या पायरीवर सगळा वेळ घालवतात, गाजावाजा तिथं असतो म्हणून. खरं नाटक मधल्या पायरीवर आहे. तुमच्या काठावर ती पायरी पूर्ण रात्रीची आहे. धरणारा हलू शकत नाही, खाऊ शकत नाही, पिल्लू अजून कुणाचंच नाही, शेजारच्या हातातलं पिल्लू निसटलं तरी मदतीला हात मोकळा नाही. तिथं संवाद लिहा. गाणंही तिथंच टाका, झाडीपट्टीत गाण्याशिवाय लोक उठू देणार नाहीत.

इथवर जे सांगितलं त्याचा क्रम असा: शरीराची एक अडचण, तिच्यातून एक देणं, देण्यातून खूण, खुणेतून रोजच्या रीती, आणि एक मनाई. यापेक्षा जास्त सामान घेऊ नका. नवीन लिहिणारा वीस रीती शोधतो आणि प्रत्येकीला दोन ओळी देतो. एकच रीत वीस ठिकाणी दिसली तर लोक तिला ओळखू लागतात.

पण एवढ्यावर ती खरी वाटणार नाही. रीत सगळे सारखी पाळत नाहीत, हे आपण घरोघरी पाहतो. तेरवी तेरा दिवसांची, पण धान कापणीला आलं असलं की लोक पाचव्या दिवशी उरकून मोकळे होतात आणि एखादी म्हातारी त्यावर वर्षभर बोलते. दोन गावांतल्या बायका एका मांडवात आल्या की "आमच्याकडं असं नसते जी" हे ठरलेलं. झिरूंमध्येही वरच्या काठाचे आणि खालच्या काठाचे असू द्या. वरचे चिखल गळेपर्यंत थांबतात, खालचे दुसऱ्या दिवशी धुऊन टाकतात आणि कामाला लागतात. दोघं एकमेकांना अडाणी समजतात.

आणि जिथं देणं आहे तिथं ते चुकवणारा असणारच. तुमच्याकडं गावचा मालदार झिरू आहे, त्याचा उपयोग करा. तो थंडीत रात्रभर चिखलात बसेल का? तो गडी बसवेल. गडी पिल्लाला रात्रभर धरेल आणि उजाडायच्या आत, कातडी घट्ट व्हायच्या आधी, मालक येऊन गड्याच्या अंगठ्याच्या ठशावर आपला अंगठा दाबेल. झालं पिल्लू मालकाचं. पिढ्यान् पिढ्या हे चालतं आणि सगळ्यांना माहीत असतं. आता तिसऱ्या अंकात मालक म्हातारा झालाय, कातडी तडकली आहे, त्याची पोर त्याला पाण्याकडं न्यायला निघते आणि गडी वाटेत येतो. भरल्या रंगमंचावर तो आपली बोटं तिच्या गळ्याला लावून दाखवतो. चार बरोबर बसतात. अंगठा बसत नाही, कारण त्यावर मालकाचा आहे. आता दोघांपैकी कुणाला पाण्यात न्यायचं हे तिनं ठरवायचं. शेवट मी सांगत नाही, तो तुमचा. पण या प्रसंगाला पोरं 'आपल्याच गावचं' म्हणाली, तर ती वेगळ्या अर्थानं म्हणतील.

ही रीत प्रेक्षकाला समजावायची कशी? सूत्रधाराच्या तोंडी घालू नका. 'या ग्रहावर अशी प्रथा आहे की' हे वाक्य आलं की मागचा माणूस चहाला उठतो. रीत मोडली की ती दिसते. तुमच्याकडं विनोदी पात्र आहेच. त्याला दूरच्या काठावरून आलेला जावई करा, ज्याला इथलं काही ठाऊक नाही. तो भर सभेत एखादीच्या ठशांना बोट लावतो आणि सगळा रंगमंच गप्प होतो. त्या गप्प होण्यातून लोकांना नियम कळतो, वर हशाही मिळतो. मग तीच गोष्ट तिसऱ्या अंकात गडी करतो तेव्हा कुणी हसत नाही.

भाषेचं: बनावट भाषा नको. पहिली दोन वाक्यं गंमत वाटते, नंतर लोक ओरडतात, "मराठीत बोल ना बे!" झिरूंना सरळ झाडी बोलीत बोलू द्या. फक्त हाका बदला. 'आई', 'बाबा', 'दादा', 'ताई' हे शब्द संहितेतून एकूण एक काढा, कारण ती नातीच तिथं नाहीत. त्याऐवजी 'धरत्या', 'धरलेली', एकाच रात्री बाहेर आलेल्यांसाठी 'काठसोबती'. नटांना तालमीत सुरुवातीला त्रास होईल, सवयीनं तोंडून 'बाबा' निसटेल; प्रॉम्प्टरला सांगून ठेवा. तेवढ्या एका बदलानं अर्ध्या प्रवेशांची वाक्यं तुम्हाला नव्यानं लिहावी लागतील, हे मात्र आधीच सांगतो.

वेशभूषेवर खर्च करू नका. निळा रंग पूर्ण अंगाला लावला तर रात्रभर टिकत नाही आणि कपड्यांना लागतो. चेहरा, गळा, हात एवढंच रंगवा. ठसे मात्र शेवटच्या रांगेतून दिसले पाहिजेत, म्हणून खऱ्या बोटापेक्षा मोठे आणि काळे काढा. साधं काजळ घामानं गळ्यावरून ओघळतं, मग तिसऱ्या अंकात गडी बोटं कुठं लावणार? रंगभूषेवाल्याकडून पक्का काळा घ्या आणि प्रत्येक अंकाआधी पुन्हा गिरवा. पोरीच्या गळ्यावरचा अंगठा पहिल्या अंकापासूनच थोडा मोठा काढून ठेवा. बहुतेकांच्या लक्षात येणार नाही, पण पुढच्या रांगेतली एखादी बाई नक्की शेजारणीला कोपर मारेल.